साधी घंटा

दादा कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाची मापं यायची. त्यावरून दादा मेणात एकेक दात बसवत, गुलाबी हिरडी ओतत, घासूनपुसून चकाकी आणत आणि डबीत घालून कवळी परत पाठवत. एकतीस वर्षं हे काम त्यांनी एकाच खोलीत, एकाच खिडकीपाशी बसून केलं. त्यांनी केलेले दात तोंडात घेऊन गावभर माणसं हसत-जेवत होती आणि त्यांतल्या एकानेही दादांना कधी पाहिलं नव्हतं. दादांची त्याला हरकत नव्हती. सगळे त्यांना दादा म्हणत, त्यामुळे त्यांची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी झाली होती. सख्खा भाऊ तेवढा वहिनींना ताई म्हणे.

सत्तावन्नाव्या वर्षी दादांच्या डोळ्यांत बिघाड सुरू झाला. नजर सगळीकडून गेली नाही. मधोमध एक मळकट ठिपका आला आणि तो हळूहळू पसरत गेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण मधलं परत यायचं नाही. दादांनी घरी येऊन ते वहिनींना आपल्या शब्दांत सांगितलं.

"ज्याच्याकडे बघेन तेवढं सोडून बाकी सगळं दिसेल."

बाहेर त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. जमेल तितके दिवस ओढायचे असं त्यांनी ठरवलं होतं. मग एका दुपारी मेहुण्याचा फोन यायचा होता. मेहुणा म्हणजे वहिनींचा हा धाकटा भाऊ. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा आणि त्याला स्वतःसाठी वरचे दोन दात करून हवे होते. फोन वाजला. पडद्यावरचं नाव दादांना दिसलं नाही, पण वेळ मेहुण्याचीच होती. त्यांनी फोन कानाला लावला आणि समोरच्याला 'हॅलो' म्हणायचीही सवड न देता सुरुवात केली.

"हे बघ, दात मी करून देईन, पण माप माझ्या डॉक्टरांकडे देऊ नकोस. माणूस भला आहे, पण माप घेणं त्यांना आजतागायत जमलेलं नाही. चिखलात पाय उमटावा तशी मापं पाठवतात. मग कवळी बसली नाही की खापर माझ्या डोक्यावर. बावीस वर्षं मी त्यांच्या चुका घासून काढतोय."

"पुढचं माप जरा जपून घेईन," पलीकडून डॉक्टरच म्हणाले.

डॉक्टरांनी ते मनात ठेवलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. पण पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून एक कवळी परत आली. दातांची छटा चुकली होती. तीन दात पिवळट, बाकीचे पांढरे. दादांनी ती खिडकीशी धरून, मान वाकडी करून पाहिली. त्यांना सगळे दात सारखेच दिसले. "छटा खरंच चुकलीय का?" असं विचारत त्यांनी कवळी वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी एकदा कवळीकडे पाहिलं, एकदा दादांकडे, आणि त्या नुसतं "हो" म्हणाल्या. महिनाअखेर दादांनी काम सोडलं.

घरी बसल्यावर बाहेरचं जग म्हणजे फोन, एवढंच उरलं, आणि नेमका फोनच त्यांना छळू लागला. कोण बोलतंय ते कळेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागत. एकदा तर विमा विकणाऱ्या बाईंना जुन्या ओळखीची समजून त्यांनी घरच्या सगळ्यांची खुशाली सांगितली होती.

लेक दुसऱ्या शहरात हवामान खात्यात कामाला होती. ती चार दिवस आली तेव्हा तिने फोनलाच नाव बोलायला लावलं. उपाय चांगला होता. अडचण इतकीच होती की दादांनी फोनमध्ये नावं फार मोकळेपणाने लिहून ठेवली होती. वरच्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांचा खोकला छतातून ऐकू येत असे, ते एक दिवस चहाला येऊन बसले होते. त्यांना वर बोलावून घ्यायला त्यांच्या बायकोने घरून फोन लावला. टेबलावरचा फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "वरचा खोकला. वरचा खोकला."

शेजाऱ्यांनी चहा संपवला, कप जागेवर ठेवला आणि ते वर गेले.

"बंद करा ते," वहिनी म्हणाल्या. "उद्या माझ्या भावासमोर काय बोलेल देव जाणे. त्याचं काय लिहिलंय?"

"मेहुणा."

"नुसतं मेहुणा?"

"मेहुणा कटकट," दादा म्हणाले.

बोलका फोन त्या दिवशी बंद झाला. दोन-तीन दिवस तसेच गेले. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांनी आतून वहिनींना सांगितलं, "माणसं आता कानानेच ओळखायची असतील तर निदान आवाज माझ्या पसंतीचे असू देत."

दादांकडे संगीताचा मोठा साठा होता. तरुणपणापासून जमवलेल्या रेकॉर्डी आणि कॅसेटी, बाराशेच्या वर. दहा वर्षांपूर्वी त्यांनी एकेक करून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. घाई करता येत नसे. चाळीस मिनिटांची कॅसेट उतरायला चाळीस मिनिटंच लागत. सोबत सात वह्या होत्या. कोणती रेकॉर्ड, कोणती बाजू, कुठे खरखर, आणि शेवटच्या रकान्यात दादांचा शेरा: उत्तम, ठीक, घाईत वाजवलंय, व्हायोलिन रुसलंय.

या साठ्याला वहिनी 'खडखडाट' म्हणत. त्या इस्पितळाच्या कपडेखात्यात होत्या. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं तिथे धुऊन, वाळवून, घडी होऊन वॉर्डांत जाई. दिवसभर त्या यंत्रांच्या घरघरीत उभं राहिल्यावर घरी आल्यावर त्यांना शांतता हवी असे. म्हणून दादा कानाला हेडफोन लावून ऐकत. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि नवरा रोज काय ऐकतो याची वहिनींना जवळजवळ काहीच कल्पना नव्हती.

आता मात्र त्यांच्याशिवाय काम होणार नव्हतं. संगीताचा तुकडा कापायचा तर पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, डोंगरांची ओळ काढावी तशी. तिच्यावर इथून इथपर्यंत अशी खूण करावी लागते. दादांना तिथे राखाडी ढग दिसायचा. मग सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं झाली की वहिनी कॉम्प्युटरपुढे बसत आणि दादा शेजारी खुर्चीवर डोळे मिटून.

"थोडं मागे. अजून. बस. इथून पंचवीस सेकंद."

"पंचवीसच का?"

"त्यानंतर फोन आपणहून बंद होतो. पुढचं वाया."

पहिले तीन तुकडे फुकट गेले. पहिला इतका हळू सुरू होत होता की खिशातून ऐकूच येईना. मग दादांनी नियम केला: पहिल्या तीन सेकंदांत माणूस कळला पाहिजे. दुसरा वहिनींनी फोनमध्ये घातला, पण तो सगळ्यांनाच लागू झाला आणि दिवसभर ज्याचा त्याचा फोन एकाच अ‍ॅकॉर्डियनवर आला. तिसऱ्यात तुकडा मध्येच तुटल्यासारखा संपायचा. शेवटी आवाज हळूहळू उतरवत न्यायचा असतो हे वहिनींना लेकीला विचारून कळलं. त्यानंतर हात बसला. तुकडा कापायचा, दोन्ही टोकं गुळगुळीत करायची, तारेने फोनमध्ये न्यायचा, माणसाचं नाव उघडायचं, त्याला चिकटवायचा. चादरीला खूण शिवण्यापेक्षा हे अवघड नाही, असं वहिनींनी कामावर सांगितलं.

कुणाला काय द्यायचं यावरून मात्र वाद झाले. दादा प्रत्येक माणसाचा विचार दात बसवताना करत तसा करत. लेकीला त्यांनी पियानोचा एक चढता तुकडा दिला. त्यावर चर्चा झाली नाही. वरच्या शेजाऱ्यांना पश्चात्तापापोटी एक फार सुंदर बासरी मिळाली. डॉक्टरांना ब्रास बँड.

"फोन वाजला की मी उठून उभा राहायला हवा," दादा म्हणाले. "तेवढा मान त्यांचा आहे."

मेहुण्यासाठी त्यांनी वहीतून एक रेकॉर्ड काढून घेतली. त्यात एकटं बसून वाजत होतं.

"हे कुठलं वाद्य?"

"बसून."

"उभं राहून वाजवलं तरी?"

"नावच ते आहे. लांब लाकडी नळी असते. खर्जात बोलतं, विचार करून. तुझ्या भावासारखं."

वहिनींना मोठ्या स्पीकरवर ते आवडलं. भावाला घरात एवढं वजन आहे हे ऐकून बरंही वाटलं. अशा रीतीने तीन आठवड्यांत एकतीस माणसं झाली. शेवटी दादांनी विचारलं, "आणि तुला काय लावायचं?"

वहिनी तेव्हा उठून पाठ ताणत होत्या. दुपारभर बसून त्यांच्या कमरेला रग लागली होती.

"मला कशाला काय लावायचं? मी रोज घरीच येते. साधी घंटा राहू द्या."

"एकतीस जणांना लावलं आणि तुला नाही?"

"अहो, राहू द्या म्हटलं ना."

दादांनी राहू दिलं. फोनबरोबर कारखान्यातून आलेली एक घंटा असते, टिर्रिंग टिर्रिंग. ती वहिनींची ठरली.

पुढच्या महिन्यात लेक आली म्हणून सगळे जेवायला जमले आणि बोलता बोलता या उद्योगाची गोष्ट निघाली. मग काय, जो तो खिशातून फोन काढून दादांना लावायला आणि आपापली धून ऐकून बघायला लागला. लेकीची धून ऐकून सगळे 'वा' म्हणाले. वरच्या शेजाऱ्यांनी बासरी दोनदा लावली. मग मेहुण्याने फोन लावला. दादांच्या आणि वहिनींच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती: फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जातलं काही येत नाही. बसूनचं वजन सगळं गळून गेलं आणि उरला तो भुकेल्या वासराचा हंबरडा.

"हा मी?" मेहुणा म्हणाला.

"मूळ फार वेगळं आहे रे," दादा म्हणाले. "मोठ्या स्पीकरवर लावतो, थांब."

"नको. कळलं मला."

"तीस वर्षांची ओळख आहे," मेहुण्याने जाताना बहिणीला दारात सांगितलं. "तीस वर्षांनी माणूस असा ऐकू येतो." त्यानंतर तीन आठवडे त्याने फोन केला नाही. वहिनी दादांवर दोन दिवस नाराज होत्या. मग त्यांनी ती बसूनची धून बदलायचं ठरवलं, पण कामाच्या गडबडीत ते राहून गेलं.

बाकी व्यवस्था झकास चालली. फोन वाजला की दादा एक-दोन क्षण ऐकत आणि नावानिशी बोलत. डॉक्टरांशी त्यांचं पुन्हा येणं-जाणं सुरू झालं. डॉक्टर अवघड तोंडांची वर्णनं करून त्यांचा सल्ला घेत. ज्या फोनला धून नाही तो अनोळखी. अनोळखी म्हणजे विमा, कर्ज, स्वस्तातला प्लॉट. दादा साध्या घंटेला हातही लावेनासे झाले. वहिनी कामावरून सहसा फोन करत नसत; दिवसभर दोन्ही हात गुंतलेले. त्यामुळे त्या घंटेत आपली बायकोही आहे, ही गोष्ट दादांच्या मनातून कधी निसटली ते त्यांनाही कळलं नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी वहिनी तळघरातल्या उतारावर पाय घसरून पडल्या. मशीनमधून पाणी झिरपून फरशी ओली झाली होती. ओल्या चादरींची ढकलगाडी पुढे निघून गेली आणि वहिनी उजव्या हातावर आदळल्या. मनगट मोडलं. इस्पितळातच असल्याने दहा मिनिटांत फोटो निघाला, आणि हाड बसवायला छोटं ऑपरेशन लागेल असं ठरलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पूर्वी कधी भूल घेतलीय? काही त्रास?"

लेकीच्या वेळी वहिनींना एका औषधाने जिवावरचं दुखणं आलं होतं. श्वास अडकला होता. औषधाचं नाव एका पिवळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं, आणि तो कागद घरी होता. नाव वहिनींना आठवेना. दुसऱ्या इस्पितळातली सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट; तिथे विचारून कळण्यासारखं नव्हतं.

"घरी कोण आहे?"

"हे आहेत. लावते फोन."

त्यांनी डाव्या हाताने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. मग दर दहा मिनिटांनी. पहिले दोन-तीन वेळा त्यांना वाटलं, न्हाणीघरात असतील. नंतर त्यांना वाटलं, पडले असतील. मनगट सुजत चाललं होतं आणि त्यांचं लक्ष मनगटाकडे नव्हतं. घरी एकट्या माणसाला, ज्याला समोरचं दिसत नाही, काय काय होऊ शकतं ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. कपडेखात्यातली त्यांची जोडीदारीण शेजारी बसून होती. दोन तास झाल्यावर तिने आपल्या फोनवरून वहिनींच्या भावाला फोन लावला.

घरी दादा खिडकीपाशी बसले होते. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. एक वाजल्यापासून साधी घंटा थांबून थांबून वाजत होती आणि हे विमेवाले आज हात धुऊन मागे लागलेत असं म्हणत त्यांनी फोनवर उशी ठेवली होती. तीन वाजता उशीखालून वासरू हंबरलं. दादांनी झटकन फोन काढला. मेहुण्याचा राग गेला याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"बोला, आज आठवण झाली आमची?"

"ताई पडलीय," मेहुणा म्हणाला. "हात मोडलाय. दोन तास तुम्हाला फोन करतेय."

"मला? मला एकही फोन नाही आला. नुसत्या जाहिराती येतायत, दुपारपासून एकसारख्या."

एवढं बोलून ते थांबले.

"तिचा कुठला तरी पिवळा कागद हवाय," मेहुणा मग म्हणाला. "मी खालीच येतोय, पाच मिनिटांत. काढून ठेवा."

दादांनी कपाट उघडलं. रंग त्यांना डोळ्यांच्या कडेने थोडाफार कळायचा, पण पिवळ्या कागदांची आणि जुन्या पांढऱ्या कागदांची छटा एकच झाली होती. त्यांनी शोधणं सोडलं, कागदपत्रांचा पत्र्याचा पेटाराच उचलला आणि छातीशी धरून जिना उतरले.

मेहुणा शिकवणीच्या गाडीतून आला होता. चालवत होती त्याची विद्यार्थिनी, पन्नाशीची एक ग्रंथपाल बाई. तिचा तास चालू होता आणि तिला वाटेत उतरवायला वेळ नव्हता. दादा पेटारा घेऊन मागे बसले. गाडी दोन सिग्नलला बंद पडली. मागून हॉर्न वाजले. मेहुणा शांतपणे सांगत होता, "क्लच पूर्ण दाबा. आता हळू सोडा. घाई नाही." घाई होती हे गाडीतल्या तिघांनाही माहीत होतं. दादा मागे बसून होते आणि त्या आवाजाचं त्यांना आश्चर्य वाटत होतं. मेहुणा काम करताना असा बोलतो हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पिवळा कागद पेटाऱ्यात तळाशी, लेकीच्या लसींच्या कार्डाला टाचलेला सापडला. मेहुण्याने औषधाचं नाव मोठ्याने वाचलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या कागदावरचं एक नाव खोडून दुसरं लिहिलं. "बरं झालं आणलंत," एवढंच त्या म्हणाल्या. संध्याकाळच्या आत ऑपरेशन आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा वहिनींच्या खाटेशी बसले होते. वहिनी जाग्या होत्या. हात उशीवर ठेवलेला होता, बोटं फुगलेली.

"घंटा वाजत होती ना?" वहिनींनी विचारलं.

"वाजत होती."

"मग?"

"साधी घंटा होती."

"मीच ठेवायला सांगितली होती," त्या म्हणाल्या.

"हो. पण ऐकायचं काम माझं होतं."

"मला वाटलं, तुम्ही गेलात. न्हाणीघरात पडून. दोन तास मला तसं वाटत होतं. हात मोडल्याचं मला काही नाही."

दादांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नजर खिडकीकडे वळवली की कडेला उशी आणि केसांचा पांढरा-काळा पट्टा यायचा. त्यांनी खिडकीकडे बघत वहिनींचा डावा हात धरला. नर्स आली तेव्हाही सोडला नाही, आणि वहिनींनीही सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर दादांनी लगेच आपल्या वह्यांतले 'उत्तम' शेऱ्याचे तुकडे आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. चाळीस वाद्यांचा एक उत्सवी सुरुवातीचा तुकडा, एक गिटार, एक स्त्री-आवाजातला नुसता आलाप. वहिनी ऐकून घेत आणि मान हलवत. मग दादांना मान दिसत नाही हे आठवून तोंडाने "नको" म्हणत.

"हे तुम्हाला आवडतात म्हणून देताय," त्या म्हणाल्या. "माझं मी शोधते."

त्यांना सहा आठवडे रजा होती. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून त्या रोज सकाळी कॉम्प्युटरपुढे बसू लागल्या आणि डाव्या हाताने एकेक कॅसेट उघडून थोडी थोडी ऐकू लागल्या, पहिल्या वहीच्या पहिल्या ओळीपासून. पहिल्या आठवड्यात त्या ओळीने ऐकत होत्या. दुसऱ्यात आवडलेलं पुन्हा लावू लागल्या. तिसऱ्यात दादांच्या शेऱ्यांशी त्यांचं पटेनासं झालं.

"याला 'ठीक' का लिहिलंय?"

"ढोल पुढे पळतोय त्यात."

"पळू दे की. मजा येते."

दादांनी वहीत दुरुस्ती करायला सांगितली. वहिनींनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत 'ठीक'च्या पुढे 'मजा येते' असं लिहिलं.

पाचव्या वहीत एका ओळीसमोर शेरा होता: फुकट गेली. वहिनींनी ती लावली. आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग कुणीतरी "एक दोन तीन, एक दोन तीन" म्हणालं आणि माउथ ऑर्गनवर तीन ठेक्यांची एक साधी चाल सुरू झाली. सोबत गिटार होती. चौथ्या ओळीला माउथ ऑर्गन घसरला, भलत्याच सुरावर जाऊन पडला आणि एकदम थांबला. मागे दोघे-तिघे हसले. माउथ ऑर्गनवाला वैतागून म्हणाला, "परत घेऊ." कॅसेट तिथेच संपत होती.

आवाज तरुण होता, पण वहिनींना ओळखायला वेळ लागला नाही.

"अहो, हे तुम्ही?"

दादा बाहेरच्या खोलीतून आले आणि दारात उभे राहिले.

"कुठे सापडलं तुला ते? आम्ही चौघे होतो, एकाच्या गॅरेजमध्ये वाजवायचो. आपल्या लग्नाआधीचं आहे. बंद कर."

"तुम्ही वाजवायचात, हे मला कधी बोलला नाहीत."

"नीट यायचं नाही. म्हणून सोडलं. त्यात बोलण्यासारखं काय?"

"मला हे लावा— नाही, मीच लावते. मला हे हवं."

"त्यात मी चुकलोय."

"ऐकलं मी."

"बाराशेमधलं सगळ्यात वाईट आहे ते."

"असू दे. एवढ्या मोठमोठ्या लोकांनी वाजवलंय, ते सगळं मी ऐकलं. चांगलं आहे. पण त्यांच्यात मी कुणाला ओळखत नाही."

दादा तरी अडून होते. निदान चौथ्या ओळीच्या आधी काप, असं त्यांनी सुचवलं. वहिनींनी कापताना त्यांना शेजारी बसू दिलं नाही. "एक दोन तीन" पासून हशापर्यंत बरोबर चोवीस सेकंद भरले. 'परत घेऊ' त्यात बसलं नाही.

मेच्या सुरुवातीला त्या कामावर परत गेल्या. दुपारी जेवायच्या सुट्टीत आता त्या घरी फोन करू लागल्या, खास काही काम नसताना. पहिले काही दिवस दादा माउथ ऑर्गन घसरायच्या आत फोन उचलायला धडपडत. एकदा त्या नादात त्यांनी खुर्चीही पाडली. हळूहळू धडपड कमी झाली. मेहुण्याची धून वहिनींनी बदलली. त्याने स्वतःच येऊन, दोन तास बसून, मोठ्या स्पीकरवरही आणि फोनवरही वाजवून बघत एक ट्रम्पेट निवडली. दादांना ती त्याला शोभत नाही असं वाटलं, पण ते त्यांनी मनातच ठेवलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात सहा महिन्यांनी तपासणी होती. दादा आत गेले होते आणि वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक बाई सासूला घेऊन आली होती. सासूच्या मांडीवर फोन वाजला. तिने तो उलटसुलट केला, डोळ्यांशी नेला, लांब धरला, आणि वाजून बंद होईपर्यंत तशीच बसून राहिली.

"कुणाचा होता तेच कळत नाही त्यांना," सून वहिनींना म्हणाली. "माझाही उचलत नाहीत."

"प्रत्येकाला वेगळी धून लावून देता येते," वहिनी म्हणाल्या. "मला येतं. फार वेळ लागत नाही. तुमच्याकडे घरी गाणी-बिणी आहेत का, त्यांच्या आवडीची?"

सुनेने सासूला वाकून विचारलं. सासू मोठ्याने म्हणाली, "मी गाणी ऐकत नाही. मी बातम्या ऐकते."

सून ओशाळून हसली. वहिनींनी पर्समधून कागद आणि पेन काढलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "बातम्या कापू. कोण कोण फोन करतं त्यांना, ते सांगा."